शिष्योत्तम

गुरूचं नाव घेताना आपल्याकडचा गवई कानाच्या पाळीला हात लावतो. अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्यात ही पद्धत नाही, म्हणून तिथला शिष्योत्तम मुलाखत देतो. तासाभराच्या मुलाखतीत पहिली पाच मिनिटं तो गुरूबद्दल बोलतो. पुढची दहा मिनिटं गुरू आपल्याला काय काय म्हणाले होते ते सांगतो. उरलेला पाऊण तास, गुरूंच्या मनात होतं पण त्या काळच्या अडचणींमुळे राहून गेलं, ते आपण आता कसं पुरं करणार आहोत, याचं विवेचन चालतं. गुरूंच्या मनात नेमकं काय होतं हे गुरूंनाच विचारावं म्हटलं, तर ते नुकतेच गेलेले असतात. शिष्योत्तम व्हायला एवढी एक सवड लागतेच.

साधा शिष्य वेगळा. तो गुरूची नक्कल करतो, जन्मभर नक्कलच करत राहतो, आणि लोक ‘हात बरा आहे, पण...’ एवढं म्हणून त्याला सोडून देतात. त्याच्या हाती गुरूची पात्रं दिली तर फार तर ती थोडी फिकट होतील. शिष्योत्तमाचं तसं नाही. तो स्वतः नावाजलेला असतो. त्याची स्वतःची शैली असते, ती लांबून ओळखू येते, आणि तिच्या नकला करणारे गल्लोगल्ली सापडतात. डोक्यावर हॅट असते, तीही गुरूच्या नायकाच्या वळणाची. अशा माणसाच्या पोटात गुरूबद्दल खरंखुरं प्रेम असतं. ढोंग नसतं, हिशेब नसतो. सगळी गडबड त्या प्रेमापासूनच सुरू होते.

या जातीचा अव्वल नमुना पाहायचा तर फ्रँक मिलर.

मिलरला मोठं म्हणायला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. १९७९मध्ये मार्व्हलने या बाविशीच्या पोराच्या हाती ‘डेअरडेव्हिल’ दिलं, तेव्हा ते मासिक दोन महिन्यांतून एकदा निघत होतं आणि कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. आधी तो फक्त चित्रं काढायचा; दोन वर्षांत लिहायलाही लागला आणि मासिकाला बाळसं आलं. १९८६मध्ये ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये त्याने बॅटमनला पंचावन्न वर्षांचा, थकलेला आणि सगळ्या जगावर खवळलेला गृहस्थ केला. तेव्हापासून बॅटमनच्या कपाळावरची आठी काही गेलेली नाही. १९९१मध्ये ‘सिन सिटी’ आली: पाऊस, पिस्तुलं, गुत्ते, बरबटलेली माणसं आणि पानपानभर काळी शाई. १९९८मध्ये ‘३००’ आलं, उघड्या छातीच्या स्पार्टन योद्ध्यांचं. मिलरच्या कुठल्याही पानाचा एक कपटा फाडून दाखवला तरी जाणकार ओळखतो. हे मुद्दाम सांगायचं कारण, पुढे जे झालं ते हात कच्चा असल्यामुळे झालं असा कोणाचा समज होऊ नये.

गुरूचं नाव विल आइसनर. जन्म १९१७चा, ब्रुकलिनचा. २ जून १९४०च्या रविवारी अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांबरोबर चित्रकथांची एक सोळा पानी पुरवणी घरोघर पडली, तिच्यात आइसनरचा ‘द स्पिरिट’ होता. डेनी कोल्ट नावाचा गुप्तहेर, जगाच्या लेखी मेलेला, वाइल्डवुड कब्रस्तानाखाली बिऱ्हाड करून राहतो आणि पोलीस कमिशनर डोलनच्या मदतीला धावतो. निळा सूट, निळी हॅट, लाल टाय आणि डोळ्यांवर चिमुकला मुखवटा. मराठी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ वाचलेल्यांना मुखवट्याचं काही वाटणार नाही, पण आइसनरला वाटत होतं. त्याला साध्या माणसांच्या गोष्टी सांगायच्या होत्या. सुपरमॅनने बाजार तापवलेला असल्यामुळे छापणाऱ्यांना मात्र नायकाच्या अंगावर काहीतरी वेश हवा होता. आइसनरने एक मुखवटा आणि हातमोजे देऊन त्यांची समजूत काढली आणि तो आपल्या गोष्टींकडे वळला.

या गोष्टी कशा होत्या? ५ सप्टेंबर १९४८ची घ्या. गेरहार्ड श्नोबल नावाचा एक मामुली माणूस. लहानपणी त्याला कळतं की आपल्याला उडता येतं. घरच्यांना ते पसंत पडत नाही. तो गप्प बसतो, मोठा होतो, बँकेत रखवालदार होतो. बँकेवर दरोडा पडतो आणि याची नोकरी जाते. मग जगाला एकदा दाखवून द्यावं म्हणून तो एका उंच इमारतीच्या गच्चीवर चढतो आणि खरोखरच उडतो. त्याच गच्चीवर स्पिरिटची बदमाशांशी झटापट चाललेली असते. तिथली एक भरकटलेली गोळी श्नोबलला लागते आणि तो खाली पडून मरतो. खालच्या गर्दीत एकालाही पत्ता नसतो की हा माणूस आत्ता उडत होता. सात पानांत गोष्ट खलास. ज्याच्या नावाने पुरवणी निघते तो नायक कोपऱ्यात गुद्दे मारतोय आणि खाली काय घडून गेलं ते त्याच्या गावीही नाही. आइसनरचं शहर हे असं माणसांचं होतं: भाडेकरू, रखवालदार, फेरीवाले, चोर आणि त्यांच्या बायका. स्पिरिट कधी कधी दोन-चार चौकटींपुरता तोंड दाखवून जायचा. मार खायचा, हॅट शोधायचा, घरी जायचा.

आता गंमत अशी, की गुरूकडे सोवळंओवळं मुळीच नव्हतं. १९४२मध्ये आइसनर सैन्यात भरती झाला, तेव्हा स्पिरिट इतरांनी लिहिला, इतरांनी काढला. युद्धानंतर परत आला तर त्याच्या हाताखाली ज्यूल्स फायफर नावाचं एक पोरगं शिरलं आणि हळूहळू गोष्टीही लिहू लागलं. शेवटी शेवटी, १९५२मध्ये, स्पिरिटला चंद्रावर धाडायची टूम निघाली, तेव्हा चित्रांसाठी वॅली वुडला बोलावलं. सँड सॅरेफ या गाजलेल्या बाईची कथा तर याहून बहारीची. ही नायकाची बालमैत्रीण, पुढे पलीकडच्या बाजूला गेलेली. ती मुळात स्पिरिटची नव्हेच. जॉन लॉ नावाच्या दुसऱ्याच एका डिटेक्टिव्हसाठी तिची गोष्ट काढलेली होती, पण ते मासिक निघालं नाही. आइसनरने जॉन लॉच्या डोळ्यावरची पट्टी काढली, तिथे स्पिरिटचा मुखवटा चढवला आणि जानेवारी १९५०मध्ये गोष्ट छापून मोकळा झाला. दर रविवारी पानं भरायची असली की माणूस असा मोकळा होतो. सोवळं नेसायला फुरसत लागते आणि ती शिष्यांच्या पिढीला मिळते.

मिलरने गुरूच्या घरातून पहिल्यांदा काही उचललं ते हीच सँड सॅरेफ. त्याने विचारलंबिचारलं काही नाही. जानेवारी १९८१च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये एलेक्ट्रा अवतरली: नायकाची कॉलेजातली प्रेयसी, बाप मारला गेल्यावर वाट सुटलेली, आता पैसे घेऊन माणसं मारणारी. तो कायद्याच्या बाजूचा, ती पलीकडची, आणि दोघांचं एकमेकांवरचं मन काही उडालेलं नाही. ही कल्पना सँड सॅरेफवरून घेतल्याचं मिलरने पुढे स्वतःच सांगून टाकलं. पण तोवर एलेक्ट्रा पुरती त्याची झालेली होती. सँड सॅरेफ वाचताना एलेक्ट्रा आठवते, पण एलेक्ट्रा वाचताना सँड सॅरेफची आठवण होत नाही. चोरी पचली की अशी पचते.

गुरूशी त्याचं बोलणंचालणंही होतं. बोलणं म्हणजे बहुतेक वेळा हुज्जत. दोघांत वयाचं चाळीस वर्षांचं अंतर, पण भिडस्तपणा नाही. २००५मध्ये ‘आइसनर/मिलर’ या नावाने दोघांच्या गप्पांचं एक जाडजूड पुस्तक निघालं आणि त्यात हे दोघे पानंच्या पानं एकमेकांशी वाद घालताना दिसतात. गुरू समोर बसून उलट उत्तर देतोय, शिष्य आवाज चढवतोय, या अवस्थेत शिष्योत्तमाची प्रकृती ठणठणीत असते. त्याच वर्षी, ३ जानेवारीला, आइसनर गेला. उलट उत्तर देणारं कोणी उरलं नाही.

दरम्यान सिनेमाने मिलरचे हात एकदा पोळून झाले होते. १९८७चा ‘रोबोकॉप’ गाजला. एडवर्ड न्यूमायर आणि मायकेल मायनर या दोघांच्या डोक्यातून निघालेला हा पोलादी पोलीस. त्याच्या दुसऱ्या भागाची पटकथा मिलरकडे आली. इथे तो शिष्योत्तम नव्हता, भाड्याने आलेला कारागीर होता. पटकथा काही शूट करण्याजोगी नाही असं स्टुडिओचं मत पडलं, मग तिची काटछाट, मग काटछाटीची काटछाट, आणि १९९०मध्ये पडद्यावर आलं त्यात मिलरचं थोडंच उरलं. तिसऱ्या भागाच्या वेळी पुन्हा तेच. पण कॉमिक्सवाल्याची पटकथा सहजासहजी मरत नाही. स्टुडिओने टाकून दिली तरी ती कॉमिक होऊन परत येते. मिलरची मूळ पटकथा २००३मध्ये ‘फ्रँक मिलर्स रोबोकॉप’ म्हणून छापील चौकटींत अवतरलीच. त्याच्याही आधी, रॉय थॉमस आणि जेरी कॉनवे या कॉमिक्सलेखकांच्या जोडीने रॉबर्ट हॉवर्डच्या कोननवर ‘कोनन द डिस्ट्रॉयर’साठी पटकथा लिहिली होती. १९८४मध्ये सिनेमा आला तो भलताच झालेला होता. मग १९९०मध्ये दोघांनी आपली मूळ गोष्ट चित्रकादंबरी करून छापली. सिनेमात हरायचं आणि उट्टं छापखान्यात काढायचं, ही या धंद्याची जुनी रीत.

पोळलेल्या मिलरला पुन्हा चुलीजवळ आणलं ते रॉबर्ट रॉड्रिगेझने. ‘सिन सिटी’चे हक्क मिलर कोणाला देईना, म्हणून या पठ्ठ्याने आधीच तिच्यातला एक छोटा प्रसंग शूट केला. चौकट न् चौकट जशीच्या तशी, काळोख तेवढाच काळा. मिलर विरघळला. रॉड्रिगेझने त्याला आपल्या जोडीने दिग्दर्शक केलं. एका सिनेमाला असे दोन दिग्दर्शक चालणार नाहीत असा दिग्दर्शकांच्या गिल्डने नियम दाखवला, तेव्हा त्याने गिल्डच सोडली. २००५मध्ये सिनेमा लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कॉमिक शेजारी उघडं ठेवून पाहावं, तर कॅमेऱ्याने पानं गिरवलेली. दोन वर्षांनी झॅक स्नायडरने ‘३००’ असंच गिरवलं आणि तेही धो धो चाललं.

इथे शिष्योत्तमाचं एक लक्षण टिपून ठेवावं. त्याची स्वतःची पात्रं दुसरा कोणी पडद्यावर नेतो, तेव्हा रेघसुद्धा हलता कामा नये. गुरूची पात्रं तो स्वतः नेतो, तेव्हा मात्र रेघांचं काय एवढं, आत्मा महत्त्वाचा.

आइसनर गेल्यावर मायकेल उसलानने मिलरला विचारलं. उसलान म्हणजे १९७९मध्ये बॅटमनच्या सिनेमाचे हक्क विकत घेऊन पुढे दहा वर्षं चित्रपट व्हावा म्हणून दारोदार फिरलेला चिवट माणूस. स्पिरिटचे हक्क त्याच्याकडे होते. मिलर आधी नाही म्हणाला. एवढ्या मोठ्या गोष्टीला हात लावायची छाती होईना. मग दुसऱ्या कोणी हात लावलेला बघवणार नाही, म्हणून हो म्हणाला. या जातीच्या होकाराची वाट नेहमी अशीच जाते. नम्रतेने नकार, मग जागरण, मग ‘परक्याच्या हाती पडण्यापेक्षा...’. हे वाक्य ज्याने पूर्ण केलं, तो शिष्योत्तम. निर्मात्यालाही हेच हवं असतं. वाचक ओरडायला लागले की त्याला बोट दाखवता येतं: ‘अहो, घरचाच माणूस आहे.’

घरचा माणूस कामाला लागला की दर प्रसंगाला थांबतो, डोळे मिटतो आणि विचारतो, ‘सरांनी इथे काय केलं असतं?’ सेटवर शांतता पसरते. थोड्या वेळाने तो डोळे उघडतो. सरांनी काय केलं असतं ते त्याला कळलेलं असतं, आणि ते नेमकं त्याला स्वतःला करायचं होतं तेच असतं. या योगायोगाचं त्याला कधी आश्चर्य वाटत नाही.

अल्बकर्कीच्या स्टुडिओत शूटिंग झालं. मागे हिरवा पडदा, स्पिरिटचं सेंट्रल सिटी हे शहर नंतर कॉम्प्युटरवर भरायचं. पहिली कुऱ्हाड निळ्या सुटावर पडली. सूट काळा झाला, हॅट काळी, मुखवटा काळा. लाल टाय तेवढा लाल राहिला. निळा रंग ही त्या काळच्या छपाईची अडचण होती, असं मिलरचं म्हणणं. आता १९४० ते १९५२ दर रविवारी घरोघर निळा सूट गेला. पुढे छपाई सुधारली, जुन्या गोष्टींचे नवे संग्रह निघाले, त्यांच्या मुखपृष्ठांवरही आइसनरने स्वतःच्या हाताने निळाच रंगवला. पण गुरूला आपला नाइलाज जेवढा कळत नाही तेवढा शिष्योत्तमाला कळतो.

मग ऑक्टोपस. आइसनरच्या गोष्टींत या खलनायकाचा चेहरा कधी दिसत नाही. चौकटीत येतात ते फक्त त्याचे हातमोजे. वाचक वर्षानुवर्षं त्या हातमोज्यांवरून माणूस कल्पत राहिला, आणि हीच त्यातली मौज होती. सिनेमात ऑक्टोपस झाला सॅम्युएल एल. जॅक्सन. आता जॅक्सनला घ्यायचं आणि नुसते हातमोजे दाखवायचे, हे कुठल्या निर्मात्याला परवडेल? तेव्हा तो सर्वांगाने दिसतो. सुरुवातीलाच दलदलीत त्याची आणि नायकाची हाणामारी जुंपते आणि तो नायकाच्या डोक्यावर कमोड फोडतो. पुढे सामुराईच्या वेशात येतो. पुढे नाझी गणवेशात येतो, शेजारी स्कार्लेट जोहानसन, तीही नाझी गणवेशात. का, ते विचारायचं नाही. त्याचे गुंड सगळे एकाच गुबगुबीत चेहऱ्याचे, प्रयोगशाळेत पैदा केलेले, प्रत्येकाच्या छातीवर नाव छापलेलं आणि प्रत्येक नाव ‘ऑस’ने संपणारं. मध्येच टेबलावर माणसाचं एक पाऊल उड्या मारताना दिसतं. घोट्याच्या जागी त्याला इवलंसं डोकं आहे. फसलेला प्रयोग म्हणे. ते पाऊल गोष्टीत काही करत नाही, गोष्टही त्याचं काही करत नाही. जोहानसनबाई त्याच्याकडे बघतात, आपणही बघतो.

कमोडवरून आठवलं, विनोद आइसनरकडेही भरपूर होता. पण तो माणसाच्या फजितीचा, म्हणून कळवळ्याचा. मिलरचा स्पिरिट गच्च्यांवरून धावतो आणि धावता धावता शहरालाच प्रेयसी मानून स्वतःशी गंभीर आवाजात बोलत राहतो. शहर दिसतंही देखणं, काळं-पांढरं, बर्फ पडतोय. फक्त त्यात माणसं नाहीत. हिरव्या पडद्यापुढे शहर उभं करता येतं, गर्दी नाही. गेरहार्ड श्नोबल या शहरात आला असता तर त्याला नोकरी कुठे मिळाली असती आणि तो पडला असता कोणाच्या पुढ्यात? आइसनरच्या पुरवणीतला सर्वांत मोठा गुण चोरीला गेला आणि त्याची तक्रार नोंदवायला रस्त्यावर कुणी नव्हतं.

शिष्योत्तमाला पडद्यावर स्वतः यायचीही हौस असते. मिलरची ही हौस जरा चमत्कारिक. २००३च्या ‘डेअरडेव्हिल’ सिनेमात तो येतो तो कपाळात पेन घुसलेला मुडदा होऊन. ‘सिन सिटी’त पाद्री होतो आणि कबुलीजबाब ऐकता ऐकता गोळी खातो. ‘द स्पिरिट’मध्ये लिबोविट्झ नावाचा पोलीस होतो. त्याचं मुंडकं उपटलं जातं आणि ऑक्टोपस त्याच मुंडक्याने नायकाला बडवतो. मानसशास्त्राच्या लोकांनी यावर प्रबंध लिहावेत. आमचा आपला साधा अंदाज, सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्या आइसनरभक्तांना काय करावंसं वाटेल याची त्याला आधीच कल्पना आली असावी.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. ही म्हण आपण नवशिक्याला ऐकवतो, ज्याची सोंड वाकडी झाली आणि शेपूट म्हणून खपवावी लागली. शिष्योत्तमाची तऱ्हा उलटी. तो पंचक्रोशीतला सर्वांत मोठा मारुतीवाला असतो. त्याच्या मारुतीपुढे लोक शनिवारी रांगा लावतात. गणपतीवर त्याची नितांत श्रद्धा. रोज अथर्वशीर्ष म्हणतो. म्हणूनच गणपतीची ऑर्डर तो दुसऱ्याला जाऊ देत नाही. आणि मग मातीवर हात ठेवतो, तो हात आपल्या सवयीने चालतो. छाती रुंदावते, दंड फुगतात, गदा येते. मूर्ती पुरी झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकतो, भरल्या डोळ्यांनी पाहतो आणि म्हणतो, ‘बाप्पा असेच होते.’ हात कच्चा असता तर निदान ओबडधोबड का होईना, गणपती झाला असता.

रॉड्रिगेझने मिलर पडद्यावर आणला, तेव्हा मिलर आला. मिलरने आइसनर पडद्यावर आणला, तेव्हाही मिलरच आला. २५ डिसेंबर २००८ला, ऐन नाताळात, सिनेमा लागला. सुमारे ६ कोटी डॉलर घातले होते. जगभरातून ४ कोटीही परत आले नाहीत. समीक्षकांनी धुतला. अशा प्रसंगी ही जात निर्मात्याला शिव्या देत नाही, नटांना देत नाही. ती सुस्कारा सोडून म्हणते, ‘गुरूंनाही त्यांच्या काळात लोकांनी ओळखलं नाही.’ गुरूंची पुरवणी भरात होती तेव्हा वीसेक वर्तमानपत्रांतून पन्नास लाख घरांत जात होती. पण दुःखात माणसाला आकडे सांगू नयेत.

सगळे शिष्य असे नसतात, हेही सांगायला हवं. याच सुमाराला डार्विन कुकने स्पिरिटचं नवं मासिक काढलं. निळा सूट निळाच ठेवला, गोष्टी हसत्याखेळत्या ठेवल्या, वर्षभर निगुतीने केलं आणि बाजूला झाला. व्यक्तिचित्राला अशा समंजस माणसाचा काही उपयोग नाही, म्हणून त्याला इथेच नमस्कार.

दुसऱ्या टोकाला अॅलन मूर. त्याने लिहिलेल्या ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ आणि ‘वॉचमेन’वर सिनेमे निघाले, तर याने आपलं नाव श्रेयनामावलीतून काढायला लावलं आणि आपल्या वाट्याचे पैसे चित्रकारांना देऊन टाकले. आपल्या पात्रांना कोणी शिवलेलं या गृहस्थाला खपत नाही. आणि हाच मूर ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये ज्यूल व्हर्नचा कॅप्टन निमो, ब्रॅम स्टोकरची मिना, एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस आणि रायडर हॅगार्डचा क्वाटरमेन यांना एकाच टेबलाशी बसवून त्यांच्याकडून वाटेल ते करवून घेतो. त्या चौघा लेखकांपैकी विचारायला कोणी उरलेलं नव्हतं. तरीही मूरने त्यांची पात्रं बिघडवली अशी ओरड करावीशी वाटत नाही. त्याने कानाच्या पाळीला हात लावला नव्हता. गुरूंचं राहिलेलं कार्य पुरं करतो म्हणाला नव्हता. हवी ती पात्रं उचलली आणि आपल्या कामाला लावली.

मिलरचाही सगळा हिशेब या एका ओळीत बसतो. तेविशीत गुपचूप उचललं तेव्हा सोनं झालं. पन्नाशीत रीतसर हक्कपत्र घेऊन, हार घालून, नारळ फोडून आणलं तेव्हा माती झाली. चोराला आपण चोरतोय हे माहीत असतं. तो वस्तू वितळवतो, आकार बदलतो, पकडले जाऊ नये म्हणून का होईना नवं काहीतरी घडवतो. भक्ताला असली भीती नसते. मूळ वस्तू आपल्यासारखीच दिसते अशी त्याची खात्री असते, आणि नाही दिसली तर तो ती तशी करून ठेवतो.

आइसनरचं काही बिघडलं नाही. त्याची जुनी पानं पुन्हा पुन्हा छापली जातात आणि त्यांत सूट निळाच असतो. काळजी आता मिलरची. तो सत्तरीला टेकत आलाय. ‘सिन सिटी’ आणि ‘डार्क नाइट’ तोंडपाठ असलेली एक अख्खी पिढी हॅट चढवून तयार आहे. तिच्यातला एखादा आज ना उद्या दारात उभा राहील, आवंढा गिळेल आणि म्हणेल, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. त्याला आत घ्यावं. कॉफी पाजावी. रात्रभर हुज्जत घालावी. हक्कांचे कागद मात्र कपाटात कुलूप लावून ठेवावेत. आणि निघताना त्याच्या कोटाचा खिसा जरा फुगलेला दिसला, तर तिकडे काणाडोळा करावा. एलेक्ट्रा अशीच बाहेर पडली होती.